हौदाचा गाळ, लाल डोळा आणि सव्वीस दिवस उशिरा झालेली स्लाईड

अकँथामिबा नावाच्या पाण्यातल्या अमिबाने डोळ्याला झालेल्या इन्फेक्शनची ही केस माझ्या मामेभावाची आहे आणि त्याला विचारूनच लिहितेय. वय २४, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला, शुगर नाही, चष्मा नाही, कॉन्टॅक्ट लेन्स तर त्याने हातात पण घेतलेली नाही. लेन्सचं मुद्दाम सांगतेय कारण पुढे सगळा घोळ तिथेच झाला. मी स्वतः डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली, सोलापुरात एका छोट्या लॅबमध्ये १४ वर्षं काम करतेय, त्यातली बरीचशी मायक्रोस्कोपवरच गेली.

गेल्या वर्षीचा एप्रिल. सोलापूरचा एप्रिल म्हणजे काय ते सांगायला नको, ४२ च्या खाली पारा येत नाही आणि पाणी चार-पाच दिवसाआड. उजनी शंभरेक किलोमीटरवर, तिथून पाइपलाइनने पाणी येतं, मग आपापल्या भागाचा पाण्याचा दिवस, त्या दिवशी घरातलं सगळं भरून घ्यायचं. हौद, टाकी, बॅरल, पिंप, कळशा सगळं. आमच्या मामाच्या घरी अंगणात जमिनीखालचा जुना हौद आहे, लोखंडी झाकणाचा, वर्षातून एकदा उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की धुवायचा. त्या रविवारी भाऊ आत उतरला. गुडघ्याच्या खाली पाणी, तळाला चार बोटं काळपट गाळ, आणि भिंतीला हात लावला की बुळबुळीत थर, नखाने खरवडला तर पापुद्रा निघावा असा. तो खराट्याने भिंत घासत होता आणि खराट्याचा फटकारा बसून गाळाचा शिंतोडा थेट उजव्या डोळ्यात गेला. त्याने मनगटाने डोळा चोळला, हाताला तोच गाळ लागलेला. वर आला तर मामीने बॅरलमधलं तांब्याभर पाणी डोळ्यावर मारलं, दोनदा मारलं. आई म्हणून तिने जे करायला पाहिजे तेच केलं, त्यात तिची काहीच चूक नाही, पण बॅरलमध्ये पाणी कुठलं तर पंधरा दिवसांपूर्वी त्याच हौदातनं काढून ठेवलेलं.

मंगळवारपर्यंत डोळा लाल, पाणी येतंय, वाळू गेल्यासारखं खुपतंय. कामावरून येताना त्याने मेडिकलमधून ड्रॉप घेतले, डोळे आलेत म्हणून सांगितलं आणि दुकानदाराने न विचारता दिले. गुरुवारी मला फोन, ताई, एकदम बरं वाटतंय, लाली पण गेली. मी म्हटलं मग चार दिवस टाक अजून. ड्रॉपचं नाव मी विचारलं नाही. नंतर बाटली बघितली तर अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड. हे मला आजही खातं, कारण लॅबमध्ये बसून मी दहा जणांना सांगत असते की डोळ्याचे ड्रॉप मनाने घेऊ नका, आणि घरच्या पोराला साधं बाटलीवरचं नाव वाच म्हणायचं सुचलं नाही.

स्टेरॉइडने बरं का वाटलं, तर सूज दाबली गेली. लाली, पाणी, खुपणं हे सगळं शरीर जंतूशी भांडतंय त्याचं असतं, स्टेरॉइड ते भांडणच थांबवतं. जंतू आत तसाच. आणि हा जो जंतू होता त्याच्यासाठी तर स्टेरॉइड म्हणजे मोकळं रान, कवचात गप्प पडलेला असतो तो बाहेर येऊन वाढायला लागतो.

नवव्या दिवशी परत लाल, आता उजेड सहन होईना. घराजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी हिरवट-पिवळा डाय टाकून बघितलं, बुबुळाच्या (म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, कॉर्नियाच्या) वरच्या थरावर फांद्या फुटल्यासारखी रेघ दिसली, निदान हर्पिस या विषाणूचं, असायक्लोव्हिर मलम दिवसातून पाच वेळा. मी त्यांना दोष देणार नाही, सुरुवातीला हा आजार हुबेहूब हर्पिससारखाच दिसतो आणि हर्पिस कितीतरी जास्त कॉमन आहे. पण कशाने झालं हे त्यांनी विचारलं नाही आणि भावाने पण सांगितलं नाही, त्याच्या डोक्यात हौदाचा विषयच नव्हता. आठवडा गेला, फरक शून्य. अठराव्या दिवशी दुसरीकडे दाखवलं तर बुबुळावर पांढरट ढग दिसायला लागलेला. तिथे सांगितलं बुरशी आहे, नॅटामायसिन तासातासाला. हेही आपल्या भागात अगदी चुकीचं म्हणता येत नाही, ऊस, ज्वारी, कडबा, पाचट, डोळ्यात पातं लागून बुरशीचा अल्सर, म्हणजे बुबुळावर जखम झालेले पेशंट सोलापूर जिल्ह्यात कायम येतात. पण दोन्ही ठिकाणी बुबुळ खरवडून सॅम्पल कोणी घेतलं नाही. अंदाज बदलला, ड्रॉप बदलले, जंतू तोच.

पंचविसाव्या दिवशी संध्याकाळी मी मामाकडे गेले, तोपर्यंत मी फक्त फोनवरच ऐकत होते. खोली अंधार करून बसलेला. टॉर्च तिरकी धरून बघितलं तर बुबुळाच्या मधोमध पांढरं कडं. पूर्ण गोल नाही, एका बाजूला तुटलेलं, चहाचा कप ठेवल्यावर टेबलावर जसं वर्तुळ उमटतं तसं. माझ्या पोटात गोळाच आला, असं कडं या अमिबाचं असू शकतं. मी विचारलं, हे सुरू व्हायच्या आधी डोळ्यात काय गेलं होतं का? मामीच म्हणाली, अगं हौद धुताना शिंतोडा उडाला होता की. पंचवीस दिवसात पहिल्यांदा ही गोष्ट कोणीतरी कोणालातरी सांगितली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी तिसऱ्या डॉक्टरांकडे, हे कॉर्नियाचे स्पेशालिस्ट. त्यांनी कडं बघितलं, हौदाचं ऐकलं आणि म्हणाले आधी स्लाईड, मग औषध. तेवढं एक वाक्य ऐकून मला रडू यायचं बाकी होतं. भूल देणारा ड्रॉप टाकला, स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवली आणि छोट्या ब्लेडने अल्सरच्या कडेपासून हलक्या हाताने खरवडलं, दोन काचेच्या स्लाईड आणि थोडं कल्चरला, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून बघायला. पाच मिनिटाचं काम. नजर तेव्हा किती, तर मीटरभरावरची बोटं मोजता येत होती, त्यापुढे काही नाही.

स्लाईड मीच बघितली. एका स्लाईडवर १० टक्के केओएचचा (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा) थेंब, वर कव्हर स्लिप, दहा मिनिटं थांबायचं. मायक्रोस्कोपच्या चाळीसपट लेन्सखाली आधी मला हवेचे बुडबुडेच वाटले. मग फाइन फोकस अगदी केसभर फिरवला आणि एक गोल नीट दिसला. बाहेरची भिंत सुरकुतलेली, वाळलेल्या बोरासारखी, आणि आत दुसरी भिंत, ती गोल नाही, कोपरे असलेली, चांदणीसारखी. दोन भिंतीचं कवच. बुडबुड्याला सुरकुत्या नसतात आणि पेशीला दोन भिंती नसतात. अख्ख्या स्लाईडवर असे सात मोजले. अकँथामिबाच्या सिस्ट. बुरशीचा धागा एकही नव्हता. मी उठले, पाणी प्यायले, परत येऊन पुन्हा सातही मोजले आणि मग डॉक्टरांना फोन केला.

आता हा अकँथामिबा काय असतो ते सांगते. एकपेशीय जीव, पाण्यात, मातीत, धुळीत सगळीकडे राहतो, बॅक्टेरिया खाऊन जगतो. दोन रूपं असतात. खाणारं-फिरणारं रूप म्हणजे ट्रॉफोझॉइट, आणि परिस्थिती वाईट झाली की कवच घालून बसतो ती सिस्ट. सिस्ट साधारण १३ ते २० मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये पन्नास ते पंच्याहत्तर ओळीने बसतील. हे कवच इतकं चिवट की लॅबमध्ये थंड पाण्यात ठेवलेल्या सिस्ट वीस वर्षांहून जास्त काळाने जिवंत निघालेल्या आहेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन किती असतं, तर घरात पोचेपर्यंत लिटरला ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असलं तरी चांगलं म्हणायचं, आणि या सिस्ट ५० मिलिग्रॅमला पण मरत नाहीत. म्हणजे पाणीपुरवठ्याने क्लोरीन टाकलं नाही असं काही नाही, टाकून पण ह्याला फरक पडत नाही. आणि पाणी हौदात दिवसेंदिवस साठलं की भिंतीवर तो बुळबुळीत थर धरतो, तो थर म्हणजे बॅक्टेरियाची वस्ती, म्हणजे ह्याचं ताटात वाढलेलं जेवण. ब्रिटनमध्ये पण घराच्या छतातल्या थंड पाण्याच्या टाक्यांचा या आजाराशी संबंध लावलेला आहे, फक्त तिकडे तो मुख्यतः लेन्स वापरणाऱ्यांना होतो.

घाबरवायला लिहीत नाहीये. हे पाणी पिऊन डोळ्याचा आजार होत नाही, आपल्यातल्या बहुतेकांचा या जीवाशी कधी ना कधी संपर्क आलेला असतो आणि काही होत नाही. चांगल्या, न खरचटलेल्या बुबुळावर तो सहसा टिकत नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा वरचा थर सोललेला असतो, खड्याने, चोळल्याने किंवा लेन्सने. भावाच्या डोळ्यात गाळाचा कण गेला, त्याने चोळलं, ओरखडा पडला आणि त्याच ओरखड्यावर आणखी तांब्याभर पाणी. एकाचं दुसऱ्याला पण होत नाही हा, मामीने त्याचा टॉवेल, ताट, उशी सगळं वेगळं केलं होतं, तिला समजवायला मला दोन दिवस लागले.

लेन्सचा घोळ म्हटलं तो हा. कुठलंही पुस्तक उघडा, लिहिलेलं असतं की कॉन्टॅक्ट लेन्सवाला पेशंट आणि दिसतंय त्याच्या मानाने प्रचंड दुखणं, म्हणून लेन्स नसलेल्याच्या बाबतीत हा आजार पटकन मनात येत नाही. अमेरिकेत २००७ साली तर या आजाराच्या साथीनंतर लेन्स धुण्याचं एक सोल्यूशनच बाजारातून परत घेतलं गेलं. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे आणि हा काही नवीन शोध नाही, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटने २००० साली ३९ पेशंटचा अभ्यास छापलाय, त्यात लेन्स वापरणारा एकही नव्हता. पंधरा जणांना डोळ्याला मार लागलेला, तिघांच्या डोळ्यात घाण पाणी उडालेलं, बरेचसे गरीब घरातले, आणि भयंकर दुखणं हे त्यांच्यात खास लक्षण नव्हतंच. कडं दिसलं ते दहातल्या चौघांना. आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट, ३९ पैकी ३४ जणांचं निदान साध्या स्लाईडवर झालं होतं. कुठलं महागडं मशीन नाही, केओएच आणि मायक्रोस्कोप, जे तालुक्याच्या लॅबमध्ये पण असतं. आमचा भाऊ त्या अभ्यासातलाच चाळिसावा शोभला असता, माग चालवणारा, लेन्स नाही, आणि विचारलं तर म्हणायचा चुरचुरतंय फक्त. खरं दुखणं कडं पडल्यानंतर सुरू झालं. जगातली पहिली ओळखलेली केस पण १९७३ ची टेक्ससच्या एका रँचवाल्याची आहे, डोळ्याला मार लागलेल्या माणसाची. तेव्हा कुठली लेन्स आणि कुठलं काय.

कल्चर लावलं ते सांगायलाच पाहिजे, कारण मी आयुष्यात पहिल्यांदा लावलं. ह्याला नेहमीची खाऊपिऊ घातलेली प्लेट चालत नाही, रिकामं अगार (जंतू वाढवायची जेली) लागतं ज्यात काहीच पोषण नाही, त्याच्यावर ई. कोलाय या बॅक्टेरियाचा पातळ थर पसरायचा आणि मधोमध सॅम्पल. म्हणजे जेवायला फक्त ई. कोलाय. तिसऱ्या दिवशी प्लेट उलटी करून मायक्रोस्कोपखाली ठेवली तर ई. कोलायच्या थरात वाटा पडलेल्या, ओल्या सिमेंटवर गोगलगाय गेल्यासारख्या, आणि वाटेच्या टोकाला तो. कडेला बारीक काटे, आत एक पोकळी फुगतेय, फट्कन मिटतेय, परत फुगतेय. भावाला बघायचं होतं, त्याने डाव्या डोळ्याने बघितलं, बराच वेळ बघितलं आणि काहीच बोलला नाही. हौदाच्या भिंतीवरचा थर पण मी दुसऱ्या प्लेटवर लावला होता, त्यातही अमिबा आले. पण डोळ्यातला आणि हौदातला एकच असं मी म्हणणार नाही, त्यासाठी जीन्सची तपासणी लागते आणि ती केलेली नाही.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण नंतर राहून जाईल. त्याच स्लाईडवर बाकीच्या पाण्यातल्या भानगडी पण कळतात. पावसाळ्यात चिखलपाणी उडून मायक्रोस्पोरिडिया नावाच्या बारीक जंतूचं इन्फेक्शन होतं, त्याचे बारीक लांबट ठिपके दिसतात. आणि पिथियम म्हणून एक आहे, साचलेल्या पाण्यातला, दिसतो अगदी बुरशीच्या धाग्यासारखा पण बुरशी नाहीच, त्यामुळे बुरशीची औषधं त्याच्यावर बहुतेक वेळा चालतच नाहीत, लिनेझोलिड आणि अझिथ्रोमायसिन द्यावं लागतं. डोळ्यावरून बघून अंदाज करत बसलं तर हे सगळं लाल डोळा आणि पांढरा डागच दिसणार.

औषध. पीएचएमबी ०.०२ टक्के आणि क्लोरहेक्झिडिन ०.०२ टक्के, दोन्ही खरं तर जंतुनाशकं, पीएचएमबी तर स्विमिंग पूल साफ करायला पण वापरतात. मेडिकलमध्ये तयार मिळत नाही, मोठ्या डोळ्यांच्या हॉस्पिटलची फार्मसी बनवून देते. मामा त्याच रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेला, डॉक्टरांची चिठ्ठी आणि माझा रिपोर्ट घेऊन, आणि दुसऱ्या रात्री बाटल्या घेऊन परत. पहिले दोन दिवस दर तासाला, रात्री पण. मोबाइलला चोवीस अलार्म लावले होते. मामी रात्रभर त्याच्या खाटेशेजारी बसायची, अलार्म वाजला की त्याला न उठवता पापणी वर करून एक थेंब, पाच मिनिटं थांबून दुसरा. जळजळ खूप व्हायची. त्यानंतर जागेपणी दर तासाला, मग दोन तासाला, मग हळूहळू कमी. स्टेरॉइड आणि नॅटामायसिन बंद, बाहुली मोठी करायचा ड्रॉप चालू, दुखण्याच्या गोळ्या चालू.

दहाव्या दिवसापासून कडं फिकट व्हायला लागलं, पाचव्या आठवड्यात वरचा थर भरून आला. घरच्यांना वाटलं झालं बरं. दुसऱ्या महिन्यात बाटली संपली, आणायला तीन दिवस उशीर झाला आणि चौथ्या दिवशी परत लाल. ट्रॉफोझॉइट लवकर मरतात पण कवचातल्या सिस्ट चिवट, म्हणून महिनोन्महिने औषध चालतं, आणि हे मीही त्यांना पुरेसं ठासून सांगितलं नव्हतं. मग मात्र एक बाटली कायम शिल्लक ठेवली. एकूण साडेपाच महिने ड्रॉप चालले.

आता मला लोक विचारतात की डोळ्यात हौदाचं, टाकीचं पाणी गेलं तर करायचं काय. डोळा चोळायचा नाही. सलाईनची बाटली मेडिकलमध्ये मिळते, तिने धुवायचं, ती नसेल तर उकळून गार केलेलं किंवा सीलबंद बाटलीचं पाणी. चुना किंवा ॲसिड गेलं असेल तर मात्र असला कुठलाच विचार करायचा नाही, हाताला येईल त्या पाण्याने लगेच आणि भरपूर धुवायचं, तिथे एकेक सेकंद महत्त्वाचा. आणि लाली चार-पाच दिवसात गेली नाही तर डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं की अमक्या दिवशी गाळ उडाला होता, आणि विचारायचं, खरवडून स्लाईड करायची का? उद्धटपणा नाही हा. माझ्या भावाचे २६ दिवस गेले ते हे एक वाक्य कोणीच न बोलल्यामुळे गेले. लवकर सापडलं असतं, अमिबा वरच्याच थरात असताना, तर डाग बराच कमी राहिला असता. बुबुळाची एकूण जाडीच अर्धा मिलिमीटर, त्यात तो खोल उतरला की मागे व्रण राहतोच.

आत्ताची स्थिती अशी. इन्फेक्शन नाही, दुखणं नाही, पण बुबुळाच्या मधोमध दुधी काचेसारखा डाग. उजव्या डोळ्याची नजर ६/६० (म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते याला सहा मीटरवरून), पिनहोलने, म्हणजे बारीक छिद्रातून बघितलं तर ६/३६, डावा ६/६ म्हणजे चांगला. मागावर तुटलेला धागा पटकन दिसावा लागतो आणि एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून मालकाने त्याला पॅकिंगला टाकलंय, पगार कमी झालाय. कॉर्निया बदलता येतो, नेत्रदानातून मिळाला तर, पण डॉक्टर घाई करत नाहीयेत, आत एखादी सिस्ट जिवंत राहिली असेल तर नवीन बुबुळात पण तेच परत होऊ शकतं, म्हणून औषधाशिवाय डोळा किती महिने शांत राहतो ते बघताहेत. पुढची तारीख जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेनंतरची आहे. या एप्रिलमध्ये हौद धुतला तेव्हा शेजारचा पोरगा आत उतरला होता, भावाने वरून त्याला वेल्डिंगवाल्याचा गॉगल दिला आणि तो लावल्याशिवाय खराटा हातात देईना, पोरगं वैतागलं होतं, मामी झाकणापाशी सलाईनची बाटली घेऊन उभी.